करीमभाईंचं अठ्ठावीस इंची चाक

उभी असलेली मोटार दिसली, की करीमभाई तिच्या चाकापाशी उकिडवे बसत, खिशातून टेप काढत आणि चाकाची उंची मोजत. नाक्यावरचे टॅक्सीवाले त्यांना हवा सोडणारा समजून धावून आलेले आहेत. एकदा डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर उभे आणि हे त्यांच्या गाडीखालून विचारतायत, "डॉक्टरसाब, मागचा चाक पंचवीस भरतो, पुढचा चोवीस का?" डॉक्टर पायरी उतरून स्वतःच वाकून बघू लागले. पुढच्या चाकात हवा कमी आहे, एवढं त्यातून निघालं.

पंचाहत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. भिवंडीत ते आमच्या समोर राहत. जन्मभर पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे बंद पडलेला लूम चालू करणारा माणूस. मी सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या, कारखान्यात टाइमकीपर. माझा हिशेब चोख म्हणून ते मला 'गणितवाले' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला आजवर काढता आलेलं नाही.

कंपनीनं ठरवलेलं कुठलंही माप त्यांना मान्य नसे. त्यांच्या कारखान्यात एक बुटका कारागीर होता. त्याचे हात लूमवर नीट पोचेनात, तेव्हा करीमभाईंनी त्याच्या पायाखाली चार इंची फळी ठोकली. मालक ओरडले. हे म्हणाले, "कंपनीनं लूम बनवला तेव्हा ह्याला समोर उभा केला होता काय?" फळी राहिली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मोटार घेतली. लोकांना वाटलं, म्हातारपणी रुबाब सुचला. खरं कारण घरात होतं. त्यांच्या बायकोचे, हलीमाभाभींचे, गुडघे पार गेले होते. दोन वर्षं त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. वज्रेश्वरीच्या कुंडातल्या गरम पाण्यात पाय शेकले तर बरं वाटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण एस.टी.ची पायरी उंच. मागे एकदा कंडक्टरनं आणि दोन उतारूंनी त्यांना कापडाच्या गठ्ठ्यासारखं उचलून आत ठेवलं, आणि मागच्या बाकावरचं कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून भाभींचं एकच म्हणणं, "मला कुणी हात लावायचा नाय. उचलून न्यायचा दिवस एकदा येतोच. तो येईल तेव्हा उचला."

मोटार आली, तर तिची सीट इतकी खाली की भाभी बसल्या असत्या, पण उठल्या नसत्या. मग करीमभाई कामाला लागले. घरातल्या खुर्चीखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालत-काढत त्यांनी शोधून काढलं, की साडेअठरा इंचांवरून भाभी कुणाच्या मदतीशिवाय उठतात; अठरावरून उठत नाहीत. गाडीची सीट होती साडेसोळा. दोन इंच कमी.

मी म्हटलं, "दोन इंची गादी टाका की सीटवर."

"टाकली. डोका छपराला लागतो तिचा. मान वाकवून बसणार नाय ती. गाडीच वर उचलायला पायजे."

गाडीची चाकं चोवीस इंच उंच होती. त्यांनी कुठूनशी सव्वीसची मिळवली, बसवली, मापलं, सीट साडेसतरावर. एक इंच कुणी खाल्ला म्हणून ते मेकॅनिकशी, अन्वरशी, भांडायला निघाले. मी अडवलं. "करीमभाई, चाक दोन इंचांनी वाढलं की अर्धी वाढ आसाच्या वर जाते, अर्धी खाली. गाडी एकच इंच उचलली जाणार."

"असा कसा? चाक दोन इंच मोठा, तर गाडी दोन इंच वर. ह्यात कसला गणित?"

"लूमवर कापडाचा रोल दोन इंचांनी जाड झाला, तर मधल्या दांड्यापासून किती वाढतो?"

त्यांनी दोन हातांनी हवेत रोल धरून पाहिला. चाळीस वर्षं रोज पाहिलेली गोष्ट होती. मग म्हणाले, "ठीक. मग अठ्ठावीसचा चाक."

कुवेतला असलेल्या भाच्यानं एक रंगीत मासिक आणलं होतं. त्यात मिश्रधातूची चकचकीत चाकं होती. "मामू, ही लावा, काय शान दिसेल!" करीमभाईंनी पान उलटसुलट पाहिलं. "उंची लिहिलेली नाय. मग काय शान?"

अठ्ठावीसची चाकं जीपची निघाली. अन्वर हात लावीना. "चाचा, ये गाडी है, ऊँट नहीं."

"ऊँट बैठता तो है! सवारीसाठी गुडघे टेकतो तो. तुझी गाडी टेकते का? मग बोलू नको."

शेवटी लेथवाल्याकडून चाकांना गाडीच्या बोल्टांवर बसतील अशी नवी भोकं पाडून घेतली. मडगार्डाच्या कडा अन्वर ठोकेना, म्हणून यांनी स्वतः हातोडीनं आत वळवल्या. सीट बरोबर साडेअठरा. पण स्टिअरिंग पुरतं फिरवलं की टायर पत्र्याला घासून असा आवाज करी, की गल्लीतल्या शेळ्या उठून उभ्या राहत. म्हणून त्यांनी अरुंद वळणं सोडलीच. पाच मिनिटांच्या नाक्यावर ते अख्ख्या गावाला वळसा घालून जात. शिवाय चाक मोठं म्हणून वेगाचा काटा खोटं सांगू लागला. तो हिशेब मी करून दिला: काटा तीसवर असला, की गाडी पस्तीसनं धावते.

"मग मी काटा पंचवीसच्या वर जाऊच देणार नाय," ते म्हणाले. "हासा रे, खुशाल हासा!" हे दारात जमलेल्यांना.

रविवारी सकाळी वज्रेश्वरीला निघायचं ठरलं. त्यांनी मलाही बोलावलं. अख्खी गल्ली दारात उभी होती. अन्वरही हात पुसत आला होता. भाभी काठी टेकत बाहेर आल्या. दोन वर्षांनी ऊन लागलं म्हणून डोळे बारीक केले, सीटकडे पाठ केली, दाराची चौकट धरली. बसता बसता गुडघा कचरला आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या. शेजारची एक बाई पुढे धावली.

"हात मागे!" भाभी कडाडल्या.

बाई मागे सरली. भाभींनी श्वास घेतला आणि त्या बसल्या. मग सगळ्यांना दाखवायला म्हणून पुन्हा उठल्या, काठी आत टाकली आणि पुन्हा बसल्या. पाय एकेक करून स्वतःच आत घेतले. "चला," त्या म्हणाल्या, "पाणी थंड व्हायची वाट बघताय काय?"

गल्लीत हसू फुटलं. मी करीमभाईंना शोधू लागलो. ते गाडीच्या पलीकडे भिंतीकडे तोंड करून उभे होते, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून.

"अहो, बसल्या त्या! एकदा नाही, दोनदा! एवढा खटाटोप केलात आणि बघितलंही नाहीत?"

"कसा बघणार, गणितवाले?" ते हळूच म्हणाले. "बघितला असता, तर हात पुढे गेला असता."