चेंबर गळतंय

इंद्रजित मुनेश्वर यानं शुक्रवारी सकाळी एक छोटासा निर्णय घेतला, की गाडीचं एवढंसं काम आपण घरीच करून टाकू. असे निर्णय माणसानं चहाच्या आधी घेऊ नयेत.

झालं होतं इतकंच, की यवतमाळच्या त्याच्या घरी, फाटकाच्या आत उभ्या असलेल्या जुन्या गाडीखाली काळा डाग दिसला. इंजिनखाली ऑइल साठवणारी जी पत्र्याची परात असते, तिला कुठंतरी बारीक चीर गेली होती. आणि दुसऱ्याच दिवशी नेरला मेहुण्याच्या मुलीचं साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) होतं. मागच्या लग्नात झाडून सारे जावई गाड्यांतून उतरले आणि थोरले जावई इंद्रजित एसटीतून, हातात पिशवी धरून. बायकोला, उर्वशीला, ते फार लागलं होतं. म्हणून तर ही गाडी घेतली. सासूबाई तुळसाबाई मुद्दाम आधी येऊन राहिल्या होत्या, जावयाच्या गाडीतून नेरला उतरायचं म्हणून. आता गाडी नेली नाही तर सासुरवाडीत तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

फुटक्या टाकीवर कपड्याचा साबण घासला की गळती थांबते, असं इंद्रजितनं कुठंतरी ऐकलं होतं. (ऐकीव ज्ञानावर तर त्याचा संसार चालला होता.) तो साबणाची वडी घेऊन गाडीखाली शिरला. वर चीर कुठं आहे ते दिसेना, आणि ऑइल मात्र नेमकं कानात पडत होतं. तुळसाबाई ओट्यावर बसून बराच वेळ बघत होत्या.

"जवाईबापू, साबण लावून राह्यले तं पाणी बी घ्या," त्या म्हणाल्या. "कोरडा साबण कायले घासता?"

गळती काही थांबली नाही. उरलेला साबण इंद्रजितच्या अंगाला लागला आणि ऑफिसला उशीर झाला तो वेगळाच.

शेजारच्या टेबलावर धम्मरत्न बसायचा. गावातला कुठल्याही कामाचा माणूस त्याला माहीत.

"धम्मरत्नभाऊ, चेंबर लीक होऊन राह्यलं," इंद्रजित म्हणाला. "एखादा माणूस हाये काय?" (गॅरेजवाले त्या परातीला चेंबर म्हणतात, आणि याला गॅरेजची भाषा बोलायची भारी हौस.)

"हाये ना. धरमसिंग मिस्त्री. परवाच माह्या घरचं करून गेला. देतो पाठवून."

धम्मरत्न आयुष्यभर सायकलवर फिरतो, हे इंद्रजितला तेव्हाच आठवायला हवं होतं. पण नाही आठवलं.

जेवणाच्या सुट्टीत धरमसिंगचा फोन आला.

"साहेब, चेंबर खोलून पाह्यलं. खाली चीर गेली हाये. अंदर लय गाळ साचला."

"ते जुनं सारं काढून टाका. नवं मी संध्याकाळी टाकतो."

(नवं म्हणजे ऑइल, पण तेवढं म्हणायचं राहून गेलं.) पलीकडे मिस्त्री खोकला. मग त्यानं विचारलं, "घरात माणसं किती?"

"तशी चार जणांचीच सोय हाये. पण दाबून बसलं तं सहा बी बसतो."

"एकाच टायमाले?"

"मंग? मांगं-पुढं कायले बसन कोणी?"

मग धरमसिंग म्हणाला, "पाहा साहेब, आज-उद्या वापरू नका. सिमेंट वाळा लागते."

सिमेंट या शब्दावर कोणीही शहाणा माणूस अडखळला असता. इंद्रजितही अडखळला, पण आपण अडाणी दिसू नये म्हणून म्हणाला, "हो हो, चांगलं सिमेंट टाका. पण मले उद्या सकाळी नेरले जा लागते."

"बेसच झालं. तिकडंच उरकून घ्या. नेर येईपर्यंत जरा धरून राहा म्हणजे झालं."

म्हणजे गाडी हळू चालवा, असा इंद्रजितनं अर्थ लावला आणि समाधानानं डबा उघडला.

संध्याकाळी तो घरी आला, तर फाटकापासून गाडीच्या चाकापर्यंत सारं अंगण उकरलेलं. संडास-सांडपाण्याच्या चेंबरवर नवंकोरं सिमेंट, त्यावर ओली पोती. आणि पलीकडे गाडी जशीच्या तशी, निवांत ठिबकत उभी. इंद्रजितनं कपाळाला हात लावला. ओरडायचं कोणावर, तेही कळेना. माणूस यानंच मागितला होता, आणि सिमेंट टाकायला होही यानंच म्हटलं होतं.

तेवढ्यात उर्वशी बाहेर आली. हातात पाहुण्यांसाठी ठेवलेला कप.

"अहो, दोन वर्षापासून म्हणून राह्यली मी, त्या चेंबरचा वास येते, वास येते. मले वाटे तुमचं ध्यानच नाई. आन तुमी न सांगता माणूस पाठवला." तिचे डोळे चक्क पाणावले.

इथं खरं सांगून टाकायचं होतं. पण चहासोबत भजी होती, न मागता आलेली. अशा भज्यांपुढं भल्याभल्यांचा खरेपणा टिकत नाही.

"तुह्यासाठी एवढं बी करू नये काय?" इंद्रजित म्हणाला. मग हळूच, "पण गाडी?"

"चार दिवस वरून काई नेऊ नका म्हणे मिस्त्री. राहू द्या. जाऊ एसटीनं. मले आता कायची लाज नाई."

आणि खरंच, नेरला ती एसटीतून उतरली ती मान ताठ ठेवून. मांडवात बायकांना सांगत सुटली, "यायनं चेंबरचं काम काढलं ना, म्हणून गाडी निघाली नाई." इंद्रजितनंही विनयानं मान खाली घातली. त्याला ते सुख मानवत होतं.

जवळून उर्वशीचा भाऊ राजदीप चालला होता. गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे त्याचं.

"भाऊजी, चेंबर गेलं काय गाडीचं? मले फोन नाई का करा? नवं चेंबर पडून हाये दुकानात."

"गाडीले चेंबर असते?" उर्वशीनं विचारलं.

"असते तं. इंजिनच्या खाली. त्याच्यातूनच ऑइल गळते."

उर्वशीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मांडवाच्या झालरीकडे फार बारकाईनं पाहू लागला.

"तरीच," तुळसाबाई म्हणाल्या, "सकाळी सकाळी गाडीले आंघोळ घालून राह्यले होते."

परतताना एसटीत उर्वशी एक शब्द बोलली नाही. इंद्रजितला वाटलं होतं, बाई आपल्याशी भांडेल, ओरडेल, आणि प्रकरण मिटेल. पण ती खिडकीबाहेर पाहत राहिली, आणि त्याला पहिल्यांदाच मनापासून वाईट वाटलं. पुढं राजदीपनं चेंबर पाठवलं, गॅरेजवाल्यानं बसवलं, आता दोन्ही चेंबर पक्के आहेत आणि घरात बोलणंही सुरू झालं आहे.

परवा इंद्रजित ऑफिसातून आला आणि खुर्चीत पडून म्हणाला, "उर्वशी, लय गरम होऊन राह्यलं. थोडं पाणी आण."

ती लगेच उठली. पाण्याचा तांब्या भरून दारापाशी आली आणि तिथंच थांबून विचारलं, "तुमाले, का गाडीले?"