पेणला ठेवलेला पाट

रोह्यात नुकतंच घरोघर केबल आलं होतं, त्या वर्षीची ही गोष्ट. तरुण पिढी बिघडली याबद्दल गावात कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो एवढाच, की बिघडवली कुणी. म्हणून महिला मंडळाने गौरी-गणपतीत वादविवाद ठेवला: दोष रॉकवाल्या गायकांचा की आईबापांचा? गायकांना झोडपायचं काम कृष्णाबाईंनी आपणहून मागून घेतलं.

"उघडं अंग, खांद्यावर केस आणि गिटार घेऊन बोंबलणं. एकेकाला उभा सोलते की नाय बघा," असं त्यांनी बैठकीत जाहीरही करून टाकलं.

आईबापांना झोडपणार होत्या वरसे गावच्या पुतळाबाई. दोघी मूळच्या पेणच्या, एका बाकावर शिकलेल्या. पुतळाबाईंची मैना आपल्या महिपतीला करावी, असं कृष्णाबाईंच्या फार मनात होतं. पुतळाबाईंनी निरोप धाडला होता, "गणपती आणाल त्या दिवशी येते. घर बघते, मुलगा बघते, मग बोलू."

आणि घोडं नेमकं मुलापाशीच पेंड खात होतं. महिपती धाटावला कंपनीत कामाला, शिफ्ट कधी चुकवायचा नाही. पण केस खांद्यापर्यंत. खोलीच्या भिंतीवर जीभ बाहेर काढलेल्या कुणा गोऱ्या गायकाचं भलंमोठं पोस्टर. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी कुठे जातो, विचारलं तर नुसता हसायचा. गावाच्या पिढीचं काय व्हायचं ते होवो, पण आपलं पोरगं हातचं गेलं की काय, या विचारात कृष्णाबाईंच्या भाकऱ्या तव्यावर करपत होत्या.

"मही, केस काप."

"श्रावणात कात्री लावायची नाय, असं तूच सांगतेस ना?"

श्रावण संपला. "आता तरी काप."

"बाबा म्हणतात, गणपती जाईपर्यंत थांब."

हैबतराव वर्तमानपत्राआडून म्हणाले, "आमच्या घराण्यात तशीच पद्धत हाय."

"इतकी वर्षं नव्हती ती?"

"तुझं लक्ष नव्हतं."

कृष्णाबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. केस जात नसतील तर त्यांनाच कामाला लावायचं. पोरगा श्रावण पाळतो, असं पुतळाबाईंना सांगायचं. राहिलं पोस्टर. ते त्यांनी खसकन ओढलं, तर त्यामागे भिंतीला परातीएवढा पोपडा. घर बघायला येणाऱ्या बाईला तो दाखवण्यापेक्षा गायक परवडला. शेवटी त्यांनी एकटीने कपाट ढकलत नेऊन त्यापुढे लावलं आणि कंबर धरून बसल्या.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी बापलेक टेम्पो घेऊन पेणला गणपती आणायला गेले. दुपारी पुतळाबाई मैनेला घेऊन हजर झाल्या. थोड्या वेळाने टेम्पो दारात थांबला. महिपती उतरला, हातात पाटावरचा गणपती, रीतीप्रमाणे वरून मोठा रुमाल टाकून पुरता झाकलेला. खांद्यावर केस भुरभुरत होते.

"श्रावण पाळतो हो," कृष्णाबाई घाईघाईने म्हणाल्या.

पुतळाबाईंनी केस मापून घेतल्यासारखे पाहिले. "एका श्रावणात एवढे? आमच्या शेतात खत घालून भात येवढं वाढत नाय गो."

"मागच्या वर्षीचाही पाळलाय त्याने."

मैना पदराआड हसली. कृष्णाबाईंनी महिपतीच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मोठ्या भक्तिभावाने रुमाल बाजूला केला.

मुकुटाखालून गणपतीचे काळेभोर केस खांद्यावर मोकळे सुटलेले. एक पाय पुढे. आणि कमरेला आडवी धरलेली लालचुटुक गिटार.

कृष्णाबाईंच्या हातातलं तांब्याभांडं खाली पडलं आणि गडगडत पार रस्त्यापर्यंत गेलं.

"मेल्या," त्या कडाडल्या, "स्वतः बिघडून पोट भरलं नाय, म्हणून देव पण बिघडवलास?"

महिपतीने नुसतं बापाकडे पाहिलं.

"त्याला बोलू नकोस," हैबतराव टेम्पोच्या आडून म्हणाले. "पाट मी ठेवला."

आता पाट ठेवायचा म्हणजे काय, तर आपल्या घरचा पाट दोन-अडीच महिने आधी पेणच्या कारखान्यात नेऊन द्यायचा आणि मूर्ती कोणती ते सांगायचं. त्याच पाटावर ती घडते. दरसाल हैबतराव जायचे, दाजी मूर्तिकारांना "नेहमीचाच" म्हणायचे आणि परत यायचे. लोडाला टेकून बसलेला गणपती यायचा.

"यंदा म्हटलं, बेंजोवाला करा," हैबतराव म्हणाले. "दाजी म्हणाले, बेंजोने पोट झाकतं, आणि पोट दिसलं नाय तर तो गणपती कसला? गिटार जरा खाली धरता येते. म्हणून गिटार."

"आणि केस?"

"ते माझे. तरुणपणीचा फोटो दिला होता."

"आणि ते मेलं पोस्टर?"

"मीच आणलं. पोपडा झाकायला त्याच्यापेक्षा मोठं दुकानात नव्हतं."

"त्याचं नाव पण मला ठाऊक नाय, आई," महिपती पहिल्यांदा बोलला. "संध्याकाळी मी बेंजो पार्टीत वाजवायला जातो. बाबा शिकवतात."

कृष्णाबाई पायरीवर बसल्या. छातीवरची धोंड उतरली होती. गांजा नाही, दारू नाही, रॉकवाला नाही. नुसता बेंजो. पण पुतळाबाईंकडे बघायचा धीर होईना.

पुतळाबाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या. "कृष्णे, पेणच्या विसर्जनात बेंजोवाल्याचे केस बघून बँकेतलं स्थळ कोणी मोडलं होतं गो? मी तर घाबरले होते, पोरगा कोणा परक्याच्या वळणावर गेला की काय. हा तर बापावर गेलाय. उचला देव आत. मैने, तांब्या आण बघू रस्त्यावरचा."

मैना स्वतः जाऊन तांब्या घेऊन आली. ठरलं.

पंचाईत झाली वादविवादाची. पुतळाबाई आता विहीण होणार, त्या आईबापांना नावं कशी ठेवणार? आणि कृष्णाबाईंच्या मखरात खुद्द देवच गिटार घेऊन उभा. दोघींनीही आपापल्या आरोपींची बाजू घेतली आणि बसल्या.

"मग पिढी बिघडवली कुणी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

दोघी एका सुरात म्हणाल्या, "पेणच्या दाजींनी."

पुढच्या आषाढात कृष्णाबाईंनी ठणकावलं, यंदा पाट मी ठेवणार. एस.टी.ने पेणला गेल्या. दाजींच्या कारखान्यात पाटांची चळत लागली होती. सगळ्यात वर पुतळाबाईंच्या नावाचा.

"त्यांना ड्रमवाला हवाय," दाजी म्हणाले. "तुमचा नेहमीचाच ना?"

कृष्णाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं.

"व्हय, नेहमीचाच. गिटारवाला," त्या हळूच म्हणाल्या. "फक्त केस जरा बारीक करा. श्रावण लागायच्या आत."