विसावी ट्यूब

दर सोमवारी सकाळी वहाबचाचा आठवड्याचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सहा पुड्यांत बांधायचे आणि प्रत्येक पुडीवर वार लिहायचे. मंगळवारी दुपारी कुणी हात पुढे केला, की म्हणायचे, "मंगळवार खतम झाला. बुधवार आज फोडता येत नाही." गुरुवारी सुट्टी आली तर गुरुवारची पुडी पहारेकऱ्याला जायची. शुक्रवारी ती खाणं त्यांच्या कायद्यात बसत नव्हतं.

चाचा आर्णीचे. यवतमाळला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत अटेंडंट. साबणाचेसुद्धा आठ तुकडे करून ठेवायचे. "एकदा बाहेर आलं का परत आत जात नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डीप फ्रीझरची किल्ली त्यांच्या कमरेला. आत कुणाची पाण्याची बाटली सापडली, की ती थेट प्राचार्यांच्या टेबलावर. खायची वस्तू सापडली तर विचारूच नका, दोन दिवस तोंड सुरू.

मी तेव्हा पीएच.डी. करत होते. कापसावर फवारायच्या औषधानं माणसाच्या पेशीचा सांगाडा मोडतो का, हा माझा विषय. माझे बाबा पाठीवर पंप घेऊन फवारायचे, म्हणून तो निवडला. हा सांगाडा असतो ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा. तो बघायला एक अँटिबॉडी लागते. ती नेमकी त्याच धाग्यांना चिकटते, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ते हिरवे चमकतात. कापसाची ती वर्षं पडती होती, कॉलेजातही सगळ्याचीच टंचाई. बोटाच्या पेराएवढी एकच कुपी आली. दुसरी मिळणार नाही, असं गाइडनी बजावलं. फोटो आला नाही तर माझी तीन वर्षं पाण्यात.

मी कुपी तशीच फ्रीझरात ठेवायला निघाले, तर चाचा आडवे आले.

"दर खेपेले वितळवसान अन् दर खेपेले गोठवसान? मरून जाईन ना ते."

"चाचा, मी शिकलेली आहे."

"मंग शिकल्यावानी करा. वीस ट्यूबांत वाटा."

मी चरफडत वाटली. पंचाईत अशी, की ते बरोबर होते.

वर्षभर एकेक प्रयोग फसत गेला. कधी पेशीच धुऊन जायच्या, कधी सगळी काच हिरवी व्हायची. मे महिन्यात मी शेवटची ट्यूब काढली आणि तेवढ्यात वणीची मावशी पडल्याचा फोन आला. ट्यूब टेबलावर विसरून मी एसटी पकडली. तीन दिवसांनी परतले, तोवर उन्हाळ्यानं तिचं काम तमाम केलं होतं. तरी वापरून पाहिली, तर सूक्ष्मदर्शकाखाली नुसता काळोख. स्टुलावर बसून मी रडले, लाज न बाळगता.

"किती झाल्या?" चाचांनी विचारलं.

"वीस."

"एकोनीस. एक म्या तवाच बाजूले ठेवलती. तुमचा सुभाव मले माहीत हाय."

खरं सांगते, मी कधी मोजल्याच नव्हत्या. चाचांनी फ्रीझरचा तळकप्पा ओढून स्टीलचा डबा काढला. त्यात माझी ट्यूब होती आणि शेजारी एक चिमुकली बाटली, आत पिवळं काहीतरी गोठलेलं.

"हे काय, चाचा? खायचं?"

"घरवालीच्या हातचा आंब्याचा रस. पाच सालं झाली, तिचा शेवटचा उन्हाळा व्हता. घरी लाइट जाते, म्हणून इथं ठेवला. दर ईदले एक बाटली काढतो. आता ही एकच राह्यली."

पाच वर्षं हा माणूस स्वतःचाच कायदा मोडत होता, आणि त्याच चोरीच्या जागेत त्यानं माझी ट्यूब जपली होती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले असते तर रागावले असते.

तिसऱ्या दिवशी फोटो आला. लख्ख हिरवे धागे, पेशीभर. चाचांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "अंदर कोणी सूत कातून ठेवलं जसं," म्हणाले आणि निघून गेले.

मी हात धुऊन बाहेर आले, तर व्हरांड्यात स्टुलावर ती बाटली आणि दोन चमचे.

"चाचा, ईदला अजून अवकाश आहे. आत ठेवा ती."

"एकदा बाहेर आलं का परत आत जात नाही," ते म्हणाले, आणि जन्मभर वाटण्या करणाऱ्या त्या माणसानं अख्खी बाटली माझ्यापुढं सरकवली.

अर्धी-अर्धी वाटणी मग मी केली.