बेसवादकाच्या आवश्यकतेची चाचणी

ज्या वस्तूचा उपयोग चार माणसांना समजावून सांगता येत नाही, ती वस्तू वजनाला हमखास जड असते, असा निसर्गाचा नियम आहे. लग्नात आलेला काचेचा डिनर सेट, आजोबांच्या काळची लोखंडी पेटी आणि गृहनिर्माण सोसायटीचा सल्लागार (याला उचलावं लागत नाही, पण हलवताही येत नाही) ही त्याची ठळक उदाहरणं. बेस गिटारचा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, याच वर्गात मोडतो. भिलाईतल्या रिसालीच्या राजदीप गजभियेचा अ‍ॅम्प दोघांनी मिळून उचलावा लागतो. जिन्यावर एका बाजूनं राजदीप धरतो. दुसऱ्या बाजूनं धरायला कुणीतरी असतंच.

राजदीप 'उजेड म्युझिकल ग्रुप, रिसाली' या सहा जणांच्या संस्थेत बेस वाजवतो. खुशबू गाते, प्रेमानंद कीबोर्ड वाजवतो, नागसेन ऑक्टोपॅड बडवतो आणि गुड्डू साउंड सांभाळतो. संस्थेचं कार्यक्षेत्र कॅम्प-१ पासून दुर्ग स्टेशनपर्यंत पसरलेलं असून त्यात जयंती, बुद्धपौर्णिमा, गणपती, दुर्गापूजा, लग्नं, स्टील प्लांटवाल्यांचे सेवानिवृत्ती समारंभ आणि एकदा चुकून एक तेरावं (बुकिंग करणाऱ्यानं 'प्रोग्राम आहे' एवढंच सांगितलं होतं) यांचा समावेश होतो. सगळे एकाच गाडीनं जातात. खिडकीची जागा अ‍ॅम्पला मिळते.

भिलाईला बेस आवडत नाही, असा आरोप कुणी करू नये. सुपेल्यात ऑटोच्या सीटखाली बेसचे डबे बसवून मिळतात. कॅम्पातून वरातीचा डीजे निघाला की मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या आपण होऊन खाली येतात, आणि घरातली बाई त्या उचलता उचलता म्हणते, "क्या बेस है!" मात्र तो बेस बोटांनी वाजवणारा माणूस समोर उभा केला तर त्याला कुणी ओळखत नाही. चहा सगळ्यांना लागतो, म्हशीची चौकशी कुणी करत नाही.

कार्यक्रमानंतर बेसवादकाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची वर्गवारी अशी आहे. 'दोन तारा तुटल्या का?' असं चाळीस टक्के लोक विचारतात (गिटारला तारा सहा, बेसला चारच). 'असली गिटार कधी घेणार?' हा प्रश्न पस्तीस टक्क्यांचा. वीस टक्के लोक बाथरूम कुठं आहे ते विचारतात. उरलेले पाच टक्के त्याला मंडपवाल्याचा माणूस समजून खुर्ची मागतात. (राजदीप देतो.)

यावर उपाय म्हणून त्यानं साहित्यखरेदीचा मार्ग धरला. जगभरचे बेसवादक हाच मार्ग धरतात, आणि तो कुठंही पोचत नसल्यामुळे त्यावर गर्दी कायम असते. आधी त्यानं पाच तारांचा बेस घेतला. त्याचा परिणाम तात्काळ दिसला. लोक आता 'एक तार तुटली का?' असं विचारू लागले. मग त्यानं वायर न लागणारा संच घेतला आणि एका कार्यक्रमात वाजवत वाजवत थेट स्टेजच्या पुढच्या कडेला आला. लाइट खुशबूवर होता, तो तिथंच राहिला. व्हिडिओवाल्यानं मात्र दखल घेतली. तो म्हणाला, "भैया, थोडा साइड."

त्यानंतर कंप्रेसर नावाची एक पेटी आली. ती पायाशी ठेवतात. आई शेवंताबाईंनी तिचं काम विचारलं तेव्हा राजदीपनं सांगितलं, की जो सूर जास्तच मोठा निघतो त्याला ही दाबते आणि बारीक सुराला वर आणते.

"म्हंजे मोठ्याले दाबते अन् लहान्याले वर काढते?"

"हो."

"मंग हे तं बाबासाहेबाचंच काम करून राहिली. असू दे." आणि त्यांनी तिच्यावर विणलेला रुमाल घातला.

"आमच्या मिलमधी फोरमनले लावाले पायजे होती," असं वडील देवीदास म्हणाले. ते प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झाले आहेत. घरातला विरोध एवढाच होता.

खरी अडचण दुर्गहून आली. दुर्गची अनुजा सुपेल्यातल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. राजदीपचं तिनं एकदा काढलं, आणि त्यानंतर हा ठणठणीत माणूस पुन्हा पुन्हा तपासणीला जाऊ लागला. साखर नॉर्मल आली, बाकी प्रकरण वाढलं. शेवटी तिचे वडील शेषराव मुलगा पाहायला रिसालीला आले.

शेषरावांनी उभी हयात मालगाडीवर गार्ड म्हणून काढली होती. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, म्हणजे ब्रेक व्हॅनमध्ये, एकट्यानं बसायचं, झेंडी दाखवायची आणि डुलत डुलत नागपूरकडे जायचं, असं ते काम. इंजिन इतकं पुढं असतं की दिसतसुद्धा नाही. नोकरीच्या अखेरीस पदाचं नाव 'ट्रेन मॅनेजर' झालं. डबा तोच राहिला.

"जय भीम, चहा झाला. आता सांगा, पोरगा करते काय?" त्यांनी विचारलं.

"दिवसा एका एजन्सीत हिशेब पाहते, संध्याकाळी बेस वाजवते," देवीदास म्हणाले.

"गान्याले माही ना नाही. आपल्या लोकाईले गान्यानंच जागं केलं. पन गान्यात याचा आवाज कोनता, ते दाखवा."

मोबाइलवर कार्यक्रमाचा व्हिडिओ लावण्यात आला. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा असतो आणि त्यातून बेस बाहेर पडत नाही. यात कुणाचा दोष नाही. खुशबूचा आवाज आला, प्रेमानंदचा कीबोर्ड आला, नागसेनचा ठेका आला. चित्रात उजव्या कडेला एक कोपर दिसत होतं.

"हे माझं," राजदीप म्हणाला.

शेषरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कोपर बराच वेळ पाहिलं. "कोपर चांगलं हाय," ते म्हणाले. आणि मग कुणी न विचारता त्यांनी आपली गोष्ट सांगितली.

"मी रिटायर व्हाच्या आधी एक डबी आली. मालगाडीच्या मांगं लावली का गार्ड लागत नाही. तशी पयली गाडी निघाली तवा मी दुर्गच्या यार्डात उभा राहून पाहून राहिलो होतो. मले वाटलं, थांबन. माह्याशिवाय कशी जाईन?"

"मंग?" शेवंताबाईंनी विचारलं.

"गेली ना बापा. टायमावर गेली."

माणसाला लागलेलं दिसत होतं. शेवंताबाईंनी त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले, कारण अशा वेळी दुसरं काही सुचत नाही.

पोहे संपवून त्यांनी अट घातली. "डबी लावून ज्याचं काम भागते असा जवाई मले नोको. जयंतीच्या प्रोग्रामात एका गान्यात यानं वाजवनं बंद करावं. हात हलू द्या, आवाज बंद. आधी कोनाले सांगाचं नाही. एका तरी मानसाच्या ध्यानात आलं, तं तारीख काढू. घरच्याईचं मत धरल्या जानार नाही."

अट रास्त होती, आणि हीच तिची पंचाईत होती. प्रत्येक बेसवादकाचीही एक डबी असते. ती म्हणजे कीबोर्डवाल्याचा डावा हात. कीबोर्डच्या डाव्या अंगाला खालचे सूर असतात, आणि प्रेमानंदचा डावा हात मुळातच मनमिळाऊ, रिकामी जागा दिसली की लगेच जाऊन बसणारा. राजदीपला झोप येईना. गर्दीत ओळखीचा माणूस पेरावा का, असाही विचार त्यानं केला, पण त्याच्या ओळखीचे सगळे लोक ग्रुपमध्येच होते.

अनुजाचा फोन आला. "मैं ही चिल्ला दूँ क्या, बेस बंद हो गया करके?"

"नको. तू घरची."

"अभी कहाँ हूँ?" ती म्हणाली. पण हा मुद्दा तेव्हा राजदीपच्या डोक्यात शिरला नाही. "आणि कुणालाच नाही समजलं तर?" त्यानं विचारलं. त्यावर तिनं विषय बदलला. तिनं वडिलांना यार्डातून घरी आलेलं त्या दिवशी पाहिलं होतं.

जयंतीच्या संध्याकाळी रिसालीचं मैदान निळं झालं होतं. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे उभी माणसं, बाजूला खिचडीचा आणि थंड पाण्याचा स्टॉल. शेषराव मोठ्या स्पीकरजवळच्या खुर्चीवर बसले. राजदीप त्याच स्पीकरच्या मागे होता. बेसवादकाची जागा परंपरेनं तिथंच असते.

चौथं गाणं सुरू झालं. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला. राजदीपनं घाम पुसल्यासारखं करून गिटारवरची आवाजाची खुंटी शून्यावर नेली आणि बोटं चालू ठेवली.

निरीक्षणं पुढीलप्रमाणे. खुशबूनं तान घेतली, टाळ्या पडल्या. प्रेमानंदचा डावा हात अपेक्षेप्रमाणे खाली सरकला. नागसेननं मान डोलावली (तो नेहमीच डोलावतो). आणि साउंडच्या टेबलामागून गुड्डूनं अंगठा वर केला, तोंडानं खूण केली, 'आज एकदम क्लीन!' गेली कित्येक वर्षं त्याला मिक्सरमध्ये काहीतरी खटकत होतं, ते आज सापडलं, असं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

तेवढ्यात तिसऱ्या ओळीतला एक गृहस्थ ताडकन उठला आणि स्टेजकडे हात करून ओरडला, "अरे! अरे, बंद कावून केलं?"

राजदीपला वाटलं, हाच तो माणूस. आयुष्यभर याचे उपकार फेडू, पहिल्या मुलाला याचं नाव देऊ, इथपर्यंत तो पोचला. मग कळलं, की स्टेजच्या बाजूचा पंखा बंद झाला होता. कार्यकर्त्यानं पंखा सुरू केला. गृहस्थ बसला.

गाणं संपलं. लोकांनी 'वन्स मोअर' दिला. राजदीपला वाईट वाटलं. असं तसं नाही, चांगलंच वाईट वाटलं. पाच तारा, बिनवायरचा संच, रुमाल घातलेली पेटी, आणि शेवटी एका पंख्याएवढीही किंमत नाही. उरलेली गाणी त्यानं पूर्ण आवाजात वाजवली, आणि त्याचीही कुणी नोंद घेतली नाही.

कार्यक्रमानंतर शेषराव स्टेजमागे आले. राजदीप वायरी गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडालेच बंद केलं ना?" शेषराव म्हणाले.

"तुम्हाला कसं समजलं?"

"खुर्ची, बापा. पयल्या गान्यापासून बुडाखाली थरथरून राहिली होती, ते थांबली. ब्रेक व्हॅनमधी जलम गेला माहा. तिथून इंजिन दिसत नाही, ऐकू येत नाही. गाडी चालून राहिली का थांबली, ते बुडालेच समजते. मले वाटलं, गाडी उभी राहिली. मी झेंडी शोधून राहिलो होतो."

"पण घरच्यांचं मत धरायचं नव्हतं," राजदीप पडेल आवाजात म्हणाला.

"मी घरचा कुठं हाव आजून? लग्न लागल्यावर होईन. तवर मी पब्लिक."

युक्तिवाद निर्दोष होता. लग्न लागताच हे मत बाद होणार होतं, हे खरं. पण लग्न तोवर लागलेलं असणार होतं. देवीदासांनी हे दोनदा समजावून घेतलं आणि तारीख काढली.

लग्न रिसालीच्या मंगल भवनात झालं. गाणी अर्थातच उजेड ग्रुपची. बेसवादक पांढऱ्या कपड्यांत अनुजाशेजारी बसलेला असल्यामुळे बेस नव्हता. पाहुणे मनसोक्त नाचले आणि साउंडची तारीफ करत जेवले. गुड्डू म्हणाला, की इतका क्लीन शो ग्रुपच्या इतिहासात झाला नव्हता. फक्त वधूपिता अस्वस्थ होते. त्यांनी तीन खुर्च्या बदलून पाहिल्या आणि शेवटी भवनाच्या माणसाला धरून झापलं, की तुमच्या इथं एकही खुर्ची धड नाही.

कथा इथं संपते. आता प्रेक्षकांच्या बेफिकिरीबद्दल हळहळण्याची वाचकांची पाळी आहे, आणि त्यांनी ती खुशाल पार पाडावी. त्याआधी एक किरकोळ बाब. उजेड ग्रुप सहा जणांचा आहे, असं अगदी सुरुवातीला सांगितलं होतं. त्यानंतर नावं पाचांचीच आली. सहावे दौलतराव. ते ढोलकी वाजवतात. ग्रुप त्यांनीच काढला, गाडी त्यांचीच आहे आणि चालवतातही तेच. जिन्यावर अ‍ॅम्पची दुसरी बाजू धरणारं कुणीतरी म्हणजे तेच. जयंतीच्या संध्याकाळी ते राजदीपला मांडी लावून बसले होते आणि बेस बंद पडल्याचं त्यांच्या पहिल्याच मात्रेला ध्यानात आलं होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. लग्नातही ते शेवटपर्यंत वाजवत होते. तुम्ही इथवर वाचत आलात, आणि एकदाही खुर्ची बदलली नाहीत.