धनेशिणीची भिंत

आमचा शेजारी हिरामण मिस्त्री माणसाने बांधलेल्या भिंतीला कधी चांगली म्हणाला नाही. नवापूरच्या रानात जंगलखात्याचा नवा बंगला झाला, तेव्हा गोऱ्या साहेबाने त्याला बोलावून तो कौतुकाने दाखवला. हिरामणने भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, “साहेब, धनेशनी बायको यानापेक्षा चांगली भित बांधस.”

धनेश म्हणजे चोचीवर शिंगासारखी टोपी चढवलेला दांडगा पक्षी. त्याची मादी ढोलीत अंडी घालायला बसली, की आतून चिखलविष्ठेने दार लिंपून घेते. उरते एक फट. तिच्यातून नर तिला उंबरं भरवतो. ओढ्याकाठच्या सादड्याच्या झाडावर असं एक जोडपं होतं. हिरामण दर वर्षी मला ओढत तिथे न्यायचा. “मास्तर, कारागिरी देखा!”

स्वतःच्या घराला मात्र त्याने खिडकी ठेवली नव्हती. “खिडकी ठेवानी तं भित कसाले बांधानी?” चुलीच्या धुराने डोळे चोळून चोळून मंजुळावहिनी थकल्या. “मन्हा जीव घाबरस आठे,” म्हणत एक दिवस ब्राह्मणपुरीला माहेरी निघून गेल्या. त्याला दोन वर्षं झाली. हा मानी गडी काही आणायला गेला नाही.

त्या उन्हाळ्यात कुणीतरी सांधेदुखीच्या तेलासाठी नर मारला. मादी आत अडकलेली, पंख झडलेले, कुशीत पिल्लू. उपाशी मरायची. लोक म्हणाले, भिंत फोडा. हिरामण खवळला. “तिनी बांधेल शे, तीच फोडी!”

मग हा पन्नाशीचा माणूस रोज सकाळी शिडीवर, हातात बांबू, बांबूच्या टोकाला उंबर. शिडी धरायला मी. पहिले दोन दिवस ढोलीतल्या बाईंनी उंबरं उडवून लावली, ती सगळी माझ्या टोपीवर. तिसऱ्या दिवशी एक घेतलं. आता हा भिंतीचं कौतुक करणार, असं मला वाटलं. पण वरून हलकाच आवाज आला, “काय वं, आत जीव घाबरस का तुन्हा?” मी खाली मान घालून शिडी घट्ट धरली.

दीड महिन्याने तिने आपली भिंत आपणच फोडली. आधी ती बाहेर आली, मागून पिल्लू. हिरामण टाळ्या पिटत नाचला आणि तसाच घरी येऊन त्याने पहार उचलली. स्वयंपाकघराच्या भिंतीला भगदाड पाडलं, चौकट बसवली आणि धुतलेलं धोतर नेसून ब्राह्मणपुरीची वाट धरली.

चौथ्या दिवशी मंजुळावहिनी आल्या. पाणीही न पिता चुलीपुढे बसल्या, खिडकीतून बाहेर पाहिलं.

“थोडी खाले जोयजे व्हती,” म्हणाल्या.

साहेबाला न भिणारा हिरामण मुकाट्याने थापी शोधू लागला.