एक गिरकी, दोन शिट्ट्या

आकारामआण्णांच्या एकावन्नाव्या वाढदिवसानिमित्त कोल्हापूरबाहेरच्या माळावर हवाई कसरतींचा कार्यक्रम योजण्यात आला, तेव्हा त्यात काही अडचण येईल असे कोणालाच वाटले नव्हते. विमान होते, वैमानिक होती आणि आकाश तर आधीपासूनच होते.

विमान १९४३ सालचे. एकावर एक असे दोन पंख, वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर नाही. मंगळवार पेठेतल्या यल्लाप्पा मिस्त्रींनी ते भंगारातून उचलून आणले आणि अकरा वर्षे खपून जिवंत केले. आता त्यांचे वय एकोणऐंशी. डावा डोळा गेलेला, आणि उजव्याबद्दल डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचीच हमी दिलेली. त्यामुळे त्यांची मागणी छोटी होती. "पोरी, एक गिरकी मार. पुरी गोल. डोळा हाय तवर बघू दे."

पोरगी म्हणजे कॅप्टन संघप्रिया कुरणे. यल्लाप्पामामांच्याच गल्लीतली, नोकरीत प्रवासी विमाने सरळ रेषेत चालवून कंटाळलेली. तिने बारा कसरतींची यादी वाढदिवस समितीकडे दिली. समितीने यादी ठेवून घेतली आणि विमानाच्या दोन्ही बाजूंना आण्णांचा हात जोडलेला, सहा फुटी फोटो चिकटवला.

सगळा घोटाळा इथून सुरू झाला. समितीचे सचिव श्री. यज्ञेश्वर टोपकर यांनी फायलीवर लाल पेन्सिलीने एक वर्तुळ काढले आणि संघप्रियाला बोलावून घेतले.

"मॅडम, या गिरकीच्या माथ्यावर विमान उलटं होतं?"

"होतं."

"पूर्ण?"

"अर्धं उलटं करायची सोय नाही, सर."

"मग फोटोतले आण्णा?"

"तेही होतात."

टोपकरांनी पेन्सिल खाली ठेवली. "आण्णा आजवर कधी उलटे झालेले नाहीत. चार पक्ष बदलले, पण प्रत्येक वेळी सरळ उभं राहून."

तातडीची बैठक बसली. फोटो काढून टाकावा, ही सूचना 'मग वाढदिवस काय विमानाचा आहे?' या प्रश्नासरशी बारगळली. फोटो उलटा चिकटवावा म्हणजे आभाळात तो सुलटा होईल, असे एकाने सुचवले; पण मग नारळ फोडताना आण्णा खाली डोके वर पाय असे दिसले असते. तिसरी सूचना पत्त्यांवरून आली: एक मुंडके वर, एक खाली. विमान कसेही फिरले तरी एक आण्णा सरळ! नमुनाही छापून झाला. परंतु आण्णा त्यात राजा दिसतात की गुलाम, यावरून कार्यकर्त्यांत हातघाई झाली आणि नमुना फाडण्यात आला.

"विमान उलटं न करता गिरकी मारता येणार नाही का?" टोपकरांनी शेवटचा प्रयत्न केला.

"येईल की," संघप्रिया म्हणाली. "त्याला वळण म्हणतात. ते रिक्षाही घेते."

बारा कसरतींतल्या अकरा तिथेच रद्द झाल्या. बारावीवर, म्हणजे गिरकीवरही, लाल पेन्सिल आली, तसे दाराशी बसलेले यल्लाप्पा उसळले. "ओ सायेब, इमान उलटं चालत न्हाय, आण्णा उलटं चालत न्हाईत, मग बघनाऱ्यांनाच उलटं करा की!"

हा टोमणा होता. परंतु टोपकर सरकारी नोकरीत चौतीस वर्षे होते. टोमणा आणि सूचना यांतला फरक त्यांना शिकवलेला नव्हता. त्यांनी तो टिपणीत घेतला. संध्याकाळी परिपत्रक निघाले.

'सर्व उपस्थितांनी पहिल्या शिट्टीस उलटे व दुसऱ्या शिट्टीस सुलटे व्हावे. ज्यांना शीर्षासन जमत नाही त्यांनी पाठमोरे उभे राहून, वाकून, स्वतःच्या दोन पायांमधून आकाशाकडे पाहावे. लुगडे वा साडी नेसलेल्या भगिनींनी मनातल्या मनात उलटे व्हावे. शिट्टीखेरीज स्वतःच्या जबाबदारीवर सुलटे होणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल.'

आठवडाभर तालमीतल्या पैलवानांनी शहराला सराव दिला. कार्यालयांत सकाळी दहा ते अकरा साहेब भिंतीला पाय लावून उभे असत. कामात फरक पडल्याची तक्रार आली नाही.

कार्यक्रमाला चार हजार माणूस लोटला. नारळ फुटला. पिवळे विमान खोकत, ठसकत धावले आणि एकदम हलके होऊन उडाले. माळावर 'नाद खुळा!' असा गजर झाला. विमान उंच गेले, नाक खाली घालून वेग घेतला, पुन्हा नाक उचलले. टोपकरांनी पहिली शिट्टी फुंकली.

चार हजार माणसे उलटी झाली. खिशांतून मोबाइल, कंगवे, पुड्या आणि एक कवळी अशी बरसात झाली. व्यासपीठावर दोन पैलवानांनी आण्णांचे पाय धरले. सरळ उभे राहिले ते फक्त यल्लाप्पा.

"ओ मामा, वाका की!" एक स्वयंसेवक पायांमधून ओरडला.

"अकरा वरसं इंजनात वाकलोय रं. आज न्हाय."

विमान माथ्यावर पोचले. चाके आभाळाकडे. जुने इंजिन उलटे झाले की पेट्रोल अडते, ते अडले. नुसता पंखांमधल्या तारांतून वारा वाजत होता. यल्लाप्पांचा उजवा डोळा मिटेना. "धर... धर गं माझे आई!" नाक खाली आले, इंजिन फटफटले, धरले, आणि विमान पूर्ण वर्तुळ करून खाली आले. यल्लाप्पांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच, बाकीच्यांचे हात जमिनीवर किंवा गुडघ्यांवर होते.

"कसा दिसलो रे?" आण्णांनी लाल चेहऱ्याने विचारले.

"एकदम सरळ, आण्णा!"

आता दुसरी शिट्टी. परंतु टोपकर स्वतः उलटे होताना शिट्टी त्यांच्या तोंडातून पडली होती आणि चार हजार माणसांच्या खिशांतून पडलेल्या ऐवजात मिसळून गेली होती.

"झाली का शिट्टी?"

"न्हाय."

"मग थांबा की, पावणं!"

संघप्रिया विमानातून उतरली आणि बघतच राहिली. "मामा, हे अजून असेच?"

"त्ये सोड," यल्लाप्पा डोळा पुसत म्हणाले. "बघितलं पोरी. गोल. पुरी गोल."

आठवड्याने त्यांना नोटीस आली: सर्व शहर वाकले असता आपण सरळ उभे राहून आण्णांना उलटे का पाहिले? त्यांनी उत्तर धाडले, "इमान उलटं हुतं, आण्णा उलटं हुतं, म्या सरळ हुतो. यात चुकलं कोन त्ये तुमीच ठरवा." हे उत्तर समितीने पायांमधून वाचले आणि ते उलट उत्तर असल्याचा शेरा मारला.

शिट्टी शोध समितीला परवाच तिसरी मुदतवाढ मिळाली. शीर्षासनवाले दमून वाकणाऱ्यांत आले, एवढाच काय तो बदल. बाजार भरतो, लग्ने लागतात, मते पडतात. सुरुवातीला कंबर दुखते. पुढे काही वाटत नाही.

वाचकहो, कोल्हापूरकरांना तुम्ही खुशाल हसा. तुमच्या गावचे आण्णाही तुम्हाला अगदी सरळ दिसत असतील. फक्त जरा आठवून सांगा, दुसरी शिट्टी तुम्ही कधी ऐकली होती?