खानझोडे काकांचा न पडणारा कॉल

खानझोडे काका रोज संध्याकाळी मला फोन करतात, आणि त्यांना माझ्याशी काहीही बोलायचं नसतं.

"तुम्ही बोलत राहा जी. मी चालतोय."

काका टी. टी. नगरला आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे नागपूरचे. टेलिफोन खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. फिरायला जातात चार इमलीच्या उताराकडे. फोन कानाला आणि चेहरा निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा. मी बोलत राहते. विषय संपले की भाजीचे भाव सांगते. एकदा तर आख्खी सांबारवडीची, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीची, कृती सांगितली. मध्येच काका ओरडतात, "उतरला! टू-जीवर उतरला! पण पडला नाही!" रस्त्यावरचे लोक थांबतात. एका भाजीवाल्यानं तर काळजीनं विचारलं, "बाबूजी, कौन गिर गया?"

मलाही कुतूहल होतंच. एकदा विचारलं.

"अहो, त्या उतारावर फोर-जी विरळ होतं. मग चालू बोलणं जुन्या टू-जीच्या हाती द्यावं लागतं. दोघांच्या भाषा वेगळ्या. एकानं सोडायच्या आत दुसऱ्यानं धरलं पाहिजे, आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागता कामा नये. ही जोडणी करण्यात माझी सगळी नोकरी सरली."

परवा कॉल पडला.

थोड्या वेळानं काका घामाघूम होऊन माझ्या दारात. "काय म्हणत होतात तुम्ही?"

"काही नाही हो. दुधी."

"पूर्ण सांगा."

"दुधी आणलाय, आमच्याकडे कुणी खात नाही, तर तुम्हाला भाजी पाठवू का, असं म्हणत होते."

काकांनी ते शेवटपर्यंत मान हलवत ऐकलं आणि खुर्चीत मटकन बसले.

"मालती माहेरी निघाली होती. बुधनीच्या घाटातून तिचा फोन आला. 'अहो, ऐका ना,' म्हणाली आणि कॉल पडला. त्या पट्ट्यातली जोडणी माझ्याकडेच होती."

मालतीकाकू त्या प्रवासात, गाडीतच हृदयविकारानं गेल्या, हे आम्हाला ठाऊक होतं. फोनचं ठाऊक नव्हतं.

मी पाणी दिलं. काका म्हणाले, "गॅस बंद केलात का, एवढंच विचारत असेल बहुतेक. बाहेर पडली की तिचं नेहमी तेच."

ते उठले.

"बघतो मी आता. निघताना बघतो. अर्ध्या जिन्यातून परत येऊनही बघतो."